चांगलं होतं, पण होतं काय?

नाही, चांगलं होतं हो. मी कुठी नाही म्हणून राह्यलो? लय चांगलं होतं. पण होतं काय, हे तं मले कोणी सांगान... सारं यवतमाळ मलेच इचारते. डोमाजी, तू तं पेटीवाला माणूस, तू सामनेच बसलता, सांग बाप्पा, त्या बाईनं वाजवलं काय? अन् मी आपला बाजारात उभा, हातात वांग्याची थैली, अन् म्हणून राह्यलो, चांगलं होतं. चांगलं म्हंजे? म्हंजे चांगलं. आता तुम्हाले सांगतो, जेवणाले चांगलं म्हणता येते, कारण का वरण होतं का आंबील होतं हे खाणाऱ्याले माहीत अस्ते. बैलाले चांगला म्हणता येते, दात पाह्यले, खांदा पाह्यला, झालं. पण जे काय होतं हेच माहीत नाही, त्याले चांगलं कोणत्या तोंडानं म्हणाचं? अन् होतं तं चांगलंच. हेच तं दुखणं हाये माहं.

मी जिनिंगात काट्यावर हाये. कापसाच्या गाड्या तोलतो. संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या, पुऱ्यातल्या गायनपार्टीत पेटी वाजवतो. धम्म घेतला तव्हापासून जुने भजनं गेले, नवे गाणे आले, पण पेटी तीच अन् वाजवणाराबी तोच. अन् तिसरं काम म्हंजे आभार. कोणाचाबी कार्यक्रम असो, लग्नाचा असो, जयंतीचा असो, बालवाडीच्या उद्घाटनाचा असो, शेवटी आभार मानाले डोमाजी. लोक चपला हुडकून राह्यलेले असतेत, लेकरं रडून राह्यलेले असतेत, अन् मी मंडपवाल्यापासून तं पाणी भरणाऱ्या बाईपर्यंत कोणाले सोडत नाही. आजवर कव्हा अडलो नाही. कारण का आभार मानाले अक्कल लागत नाही, फक्त कार्यक्रम कायचा होता हे माहीत असाले लागते. बस, तेवढंच. अन् तिथीच माही गाडी फसली ना.

आता तुम्हाले तो क्लब माहीत असन, कवेलूच्या छपराचा, साहेब लोकाचा. माहा बाप त्या क्लबच्या फाटकावर साहेबाचे घोडे धरून उभा राहे. फाटकाच्या आत काय हाये हे त्यानं मरेपर्यंत पाह्यलं नाही. साहेब गेले, घोडे गेले, क्लब राह्यला, अन् क्लबात एक पियानो राह्यला. त्याले कोणी वाली नाही. पत्ते खेळणारे त्याच्यावर चहाचे कप ठेवत, कोणाचा सत्कार झाला का सुकलेले हार ठेवत. मंग आमचा गुलाम नबी हाये ना, शिवणाच्या मशिनी अन् ग्रामोफोन दुरुस्त करते तो, त्याले बोलावलं का बाबा हे उघडून पाह्य. त्यानं खालची फळी काढली तं आत उंदराचं आख्खं खानदान. बायको, पोट्टे, सासरे, सारे. गुलाम नबीनं ते बाहेर काढलं, झाडून पुसून घेतलं, अन् तव्हापासून तो त्या पियानोले "अपना बाजा" म्हणते. "डोमाजी, अपने बाजे की तबियत अब ठीक है." मंग नागपूरचा सूर लावणारा आला. तो दिवसभर एकच सूर वाजवे. टण्. टण्. टण्. बाहेरून जाणाऱ्याले वाटे आत कोणी कुलूप तोडून राह्यलं.

अन् हे सारं कोणासाठी, तं हंसाबाईसाठी. मुलीच्या शाळेत नवीन आलेली मास्तरीण, ख्रिस्ती, नगरकडची. पियानो वाजवणारी बाई येणार म्हटल्यावर आम्हाले वाटलं, गोरी असन, टोपीबिपी घालत असन, इंग्रजीत रागावत असन. तं आली ते सुती पातळ नेसून, तेल लावलेली वेणी, हातात कापडी पिशवी. भाजीच्या दुकानात उभी राह्यली तं तुम्ही तिले ओळखणार नाही. अन् बोलाले इतकी नरम का आपल्यालेच वाटे, आपण कायले एवढ्या मोठ्यानं बोलून राह्यलो.

तिनं क्लबवाल्याले इचारलं का मी कधी कधी येऊन वाजवू काय. एवढंच. पण ते गेलं पंजाबरावाच्या कानावर. पंजाबराव म्हंजे जिल्हा परिषदेचे मेंबर, नवीन नवीनच झालेले, अन् नवीन मेंबरले कार्यक्रम पाह्यजे, जसं नवीन सुनेले सण पाह्यजे. त्यायनं ठरवलं, जाहीर कार्यक्रम कराचा. गावात दवंडी दिली. अन् मले बोलावलं.

"डोमाजी, आभार तूच मानजो."

"भाऊ, मले पियानोतलं काय समजते?"

"अरे पियानो म्हंजे शेवटी काय? मोठी पेटी."

म्हटलं, असन बाप्पा. पण आपण जिम्मेदार माणूस, जाऊन पाह्यलं. हंसाबाई तिथीच होत्या. पाह्यलं तं खरंच, पट्ट्या पेटीसारख्याच, काळ्या अन् पांढऱ्या, पण एवढ्या का वाजवाले दोन माणसं लागन. म्हटलं, "बाई, भाता कुठी हाये? हवा कशी भरता?"

त्या म्हणे, "भाता नाही याला. आत तारा आहेत. पट्टी दाबली की तारेवर लहानशी हातोडी पडते."

आता सांगा. तारा हायेत तं सतार झाली. हातोड्या हायेत तं लोहाराची भट्टी झाली. पट्ट्या हायेत तं पेटी झाली. मंग हे हाये काय? बरं, म्हटलं, जाऊ दे, राग कोणता वाजवणार ते सांगा. म्हणे राग नाही. गाणं कायचं हाये? म्हणे गाणं नाही, शब्दच नाहीत. मंग गोष्ट असन, राजाची, देवाची, कोणाची तरी? म्हणे गोष्टही नाही. "मंग बाई, आभारात मी म्हणू काय?"

त्या हसल्या अन् म्हणे, "ऐकल्यावर तुम्हाला जे वाटेल ते म्हणा."

असं कुठी अस्ते काय? आयकल्यावर वाटन तं म्हणाचं? आभार ही आधी पाठ करून ठेवाची गोष्ट हाये. लग्नात काय आम्ही जेवण झाल्यावर ठरवतो काय, का आभार मानाचे का नाही? मी घरी येऊन पाठ करून टाकलं. "हंसाबाईंनी आपल्या सुमधुर, कर्णमधुर वादनाने आपणा सर्वांस मंत्रमुग्ध केले आहे." सुमधुर अन् कर्णमधुर दोन्ही ठेवले. म्हटलं, दोनातलं एखादं तरी लागू होईन.

अन् आमची रुखमा म्हणे, मीबी येतो. मी पाह्यतच राह्यलो. कारण का रुखमा म्हंजे, तुम्हाले सांगतो, गाण्यात बसलेली बाई पण गाण्यात नसलेली बाई. माह्या गायनपार्टीत येते, बायाच्या बाजूनं सामने बसते, पण जीव सारा घरी. मी आपला पेटीवर रंगात आलेलो, लोक डोलून राह्यलेले, अन् ती तिकडून हातानं इचारते, कडी लावली काय? मी इकडून मान हलवतो, लावली. जराश्यानं आणखी हात, दूध झाकलं काय? लोकाले वाटे बायको नवऱ्याले दाद देऊन राह्यली. तं ती काहून येऊन राह्यली, तं म्हणे, "मले तो क्लब आतून पाह्याचा हाये. सासरे फाटकावर उभे राहून राहून म्हातारे झाले. पाहू तं, आत काय एवढं ठेवलं होतं." शेजारची तुळसाबाई म्हणे, मीबी येतो. निघाल्या दोघी.

कार्यक्रम संध्याकाळचा. क्लब भरला ना बाप्पा. वकील आले, व्यापारी आले, मास्तर आले, आमच्या पुऱ्यातले आले, जिनिंगातले तं अंगावरचा कापूस न झटकताच आले. कोणी इंग्रजी बाजा म्हणून आलं, कोणी बाई वाजवणार म्हणून आलं, कोणी चहा हाये म्हणून आलं. पहिले पंजाबराव बोलले. आपला जिल्हा, आपला कापूस, आपले रस्ते, मंग कापूस पुन्हा. ते बसले तव्हा लोकाच्या मांड्या अखडलेल्या, साऱ्यायनं एकदम खुर्च्या सरकवल्या, अन् त्या गडबडीत हंसाबाई उभ्या राहून काहीतरी बोलल्या. काय बोलल्या कोणालेच आयकू नाही आलं. मंग समजलं का तेच तं कामाचं होतं. त्या म्हणत होत्या का याचे तीन भाग आहेत, मधे थोडं थांबणार, टाळ्या शेवटी. पण आम्ही खुर्च्या सरकवून राह्यलतो ना.

बसल्या. आमच्याकडे बाजू करून बसल्या, लोकाकडे पाह्यलंच नाही. हात मांडीवर ठेवले. जरासक थांबल्या. अन् सुरू.

आता मी जुना माणूस. पेटी असो, बासरी असो, मी मांडीवर ताल धरतो. धरला. बरोबर चाललं. मंग एकदम ते पळाले लागलं. म्हटलं, पळा, आपणबी पळू. तं ते थांबलं. माहा हात पुढे निघून गेला ना. मले सम सापडे ना. एक हात इकडे, एक हात तिकडे, दोन हात म्हंजे दोन बाया भांडून राह्यल्या असं वाटे, अन् मंग एकदम दोघी एकच गोष्ट बोलत. गुलाम नबी माह्या बाजूले बसलता, तो जिथी तिथी "क्या बात है, क्या बात है" म्हणून राह्यलता. म्हटलं, "तुले समजून राह्यलं काय?" म्हणे, "समझ नहीं रहा यार, मगर बाजा अपना है." पंजाबराव पुढच्या खुर्चीवरून "वाहवा" म्हणत, अन् नेमकं त्यायच्या वाहवावर ते आणखी चढे, म्हून त्यायले वाटे आपल्या म्हणण्यानंच चढून राह्यलं.

चांगलं होतं, बरं काय. पण होतं काय?

मंग ते एकदम जोरात गेलं अन् थांबलं. धाडकन. हंसाबाईनं हात उचलले. झालं. साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या, लेकरं उठले, चहावाल्यानं कपाले हात घातला, अन् पंजाबराव हार घेऊन निघाले. अर्ध्यात पोचले असतीन, तं हंसाबाईनं पुन्हा सुरू केलं.

आता पंजाबराव मधातच. हातात हार. मांगे जाता येत नाही, पुढे जाता येत नाही. तुम्हाले सांगतो, त्या माणसानं दोन निवडणुका लढवल्या पण असा अडकला नाही. ते जरासक उभे राह्यले, मंग वाकून वाकून, जसं शेतातून कोणाची नजर चुकवून जातेत, तसे मांगे आले, अन् हार मांडीवर घेऊन बसले. अन् माह्याकडे असं पाह्यलं, जसं काही मीच ते सुरू केलं.

अन् ते दुसरं... ते मधलं... हे कसं सांगू तुम्हाले. ते हळू होतं. इतकं हळू का मले वाटलं बाई थकली. एक सूर टाके, थांबे. बाई धान पाखडते तव्हा सूप झटकाच्या आधी जरासी थांबते, तशी. डावा हात एकच गोष्ट सांगून राह्यलता, तीच ती, तीच ती, अन् उजवा हात ती आयकून न आयकल्यासारखा. मंग उजव्या हातानं उल्लिसं, एवढंसं, काहीतरी म्हटलं. उत्तर दिल्यासारखं. बस. त्यात काय होतं? काहीच नव्हतं. आमच्या पुऱ्यातलं नवशिकं पोट्टं याच्यापेक्षा जास्त सूर वाजवते. पण माहा मांडीवरचा हात कव्हा थांबला, मले समजलं नाही. गुलाम नबीचं क्या बात है बंद. तोंडात तंबाखू होता, थुकाचा राहून गेला, गिळला ना मी तो. अन् गिळल्यावर खोकलाबी आला नाही. मी बायाच्या बाजूनं पाह्यलं, म्हटलं रुखमा आता हात करन, कडी लावली काय. तं तिचा हात पदरात. ती माह्याकडे पाह्यतच नव्हती.

ते थांबलं. आता टाळी वाजवाची का नाही? काही लोकायनं वाजवली, काहीयनं नाही, तं जे वाजवत होते ते लाजून थांबले अन् जे थांबले होते त्यायनं तव्हाच सुरू केली. हंसाबाई थांबल्याच नाही, तिसरं सुरू. ते पळणारं, हसणारं, पोट्टे शाळा सुटल्यावर निघतेत तसं. अन् ते संपलं. हात खाली.

अन् कोणी टाळी वाजवे ना.

कोण वाजवन? दोनदा फसलेला माणूस तिसऱ्यांदा कायले फसन? पंजाबराव हार घट्ट धरून बसलेले, का आता काहीबी झालं तरी मी उठत नाही. वकील छताकडे पाह्यत. व्यापारी वकिलाकडे पाह्यत. गुलाम नबी माह्या कानात, "डोमाजी, खतम हुवा क्या?" म्हटलं, "मले काय माहीत. तुहा बाजा हाये ना, तूच सांग." तो म्हणे, "मैंने तो खाली चूहे निकाले." अन् तिकडे हंसाबाई तशाच बसलेल्या. हात मांडीवर. पहिले वाटलं आणखी सुरू करन. केलं नाही. मंग त्यायनं मान वळवून आमच्याकडे पाह्यलं, अन् ते तोंड मी अजून इसरलो नाही. पाहुण्यासाठी सारं घर राबून जेवण केलं अन् पाहुणे ताटाले हातच लावत नाहीत, तव्हा घरच्या बाईचं तोंड जसं होते ना, तसं. अन् पुन्हा मान खाली. मले समजून राह्यलं का काहीतरी कराले पाह्यजे. मी तिथी त्याच्यासाठीच होतो, आभारासाठी. पण समजा संपलं नसन तं? अधल्यामधल्या आभाराचं पाप कोण घेईन?

तव्हा रुखमा उठली.

मले वाटलं, गेली, हिले घर आठवलं. म्हटलं बरं झालं, हिच्या मांगे मीबी निघतो. पण ती दाराकडे गेली नाही. ती पुढे गेली. जिनिंगात कापूस निवडणारी बाई, डोक्यावर पदर, पायात काही नाही, वकिलाच्या पुढून, पंजाबरावाच्या हाराजवळून, सरळ पियानोपाशी. मी अर्धा उठलो, अर्धा बसलो. अन् ती म्हणे, अशा नरम आवाजात, मी घरी कव्हा आयकला नाही तो आवाज:

"बाई, ते मधलं पुन्हा एकदा वाजवान काय?"

हंसाबाईनं तिच्याकडे पाह्यलं. "मधलं?"

"हाव. ते हळू होतं ते."

"आवडलं तुम्हाला?"

रुखमा म्हणे, "आवडलं का नाही ते मले समजलं नाही. पुरं आयकलं नाही वाटते म्या. पुन्हा वाजवा."

अन् हंसाबाईनं वाजवलं. रुखमा तिथीच उभी राह्यली, पियानोच्या लाकडाले एक हात लावून. तुम्हाले सांगतो, दुसऱ्यांदा ते आणखीच हळू वाटलं. आता कोणाले फसाची भीती नव्हती, टाळीची काळजी नव्हती, सारे नुस्ते बसलेले. तुळसाबाई इकडे पदरानं डोळे पुसून राह्यली, मी इशाऱ्यानं इचारलं काय झालं, तं तिनं हात हलवला, काही नाही म्हणून. ते झालं. रुखमा म्हणे, "बस," अन् येऊन जाग्यावर बसली. आता साऱ्या क्लबचे डोळे रुखमावर, का ही टाळी वाजवते का नाही. हिनं नाही वाजवली. म्हून कोणीच नाही वाजवली. शेवटी हंसाबाईच उठल्या, हात जोडले, हसल्या अन् म्हणे, "झालं बरं का. आता खरंच झालं."

अन् मंग ज्या टाळ्या पडल्या... चहावाल्यानं कप ठेवून टाळ्या वाजवल्या. पंजाबरावानं हार घातला तो इतक्या घाईनं का वेणीत अडकला. अन् मंग मले म्हणे, "डोमाजी, आभार."

उभा राह्यलो. पाठ केलेलं सारं आठवत होतं, बरं काय. सुमधुर बी आठवत होतं, कर्णमधुर बी आठवत होतं. पण हंसाबाई माह्याकडे पाहून राह्यल्या, त्यायनं सांगितलंच होतं ना, जे वाटन ते म्हणा. आता मले काय वाटलं? मले काय वाटलं हेच मले समजे ना. मी उभा. लोक बसलेले. मी म्हटलं, "बाई, चांगलं होतं." अन् बसलो. मंडपवाल्याचे नाही, चहावाल्याचे नाही, पंजाबरावाचेबी आभार मानले नाही. म्हटलं आता खातो शिव्या. तं बाहेर वकीलसाहेबानं पाठीवर हात ठेवला. म्हणे, डोमाजी, आजवरचं तुमचं सर्वांत उत्तम आभारप्रदर्शन. आता हे माही तारीफ होती का आधीच्या साऱ्या आभाराची निंदा होती, हेबी मले अजून समजलं नाही.

घरी आलो तं दार सताड उघडं. कडी लावलीच नव्हती. अन् आत तुळसाबाईची बकरी, पिठाच्या परातीपाशी, तोंड पांढरंफटक. म्हटलं, आता हे बाई बकरीलेबी मारते अन् मलेबी. तं रुखमा दारात उभी राहून हसाले लागली. हसे अन् भिंतीले टेके. मी म्हटलं, "काहून हसून राह्यली? पीठ गेलं ना."

म्हणे, "मले आठवलंच नाही हो. कडी नाही, दूध नाही, पीठ नाही. तिथी बसली होती तितका वेळ मले घरचं काहीच आठवलं नाही. लग्न झालं तव्हापासून असं झालं नाही माह्यासंगं."

आता हे मी काय समजू? न आठवणं हे चांगलं? पीठ बकरीनं खाल्लं हे चांगलं? मले खरं सांगू, बोचलं. म्हटलं, "मी एवढे वर्सं पेटी वाजवतो. तू कव्हा म्हटलं नाही का पुन्हा वाजवा."

ती परात उचलता उचलता म्हणे, "तुम्ही तं कोणी न सांगताच पुन्हा वाजवता."

मी बकरी बाहेर हाकलली. जेवताना जरा वेळानं तिलेच कसंतरी वाटलं असन, म्हणे, "तुमचंबी चांगलं अस्ते." म्हटलं, "बी?" म्हणे, "भाकर घ्या."

दुसऱ्या दिवशी मी पेटी काढून ते मधलं हुडकाले बसलो. सूर सापडले, तुम्हाले सांगतो, सारे सापडले, पाच-सहाच तं होते. पण वाजवलं तं नुस्ते पाच-सहा सूर. रुखमा चुलीपासून म्हणे, "हे ते नाही." म्हटलं, सूर तेच हायेत. म्हणे, "सूर तेच असतीन, पण हे ते नाही." मंग ते हाये काय? तं तिलेबी माहीत नाही. दोघा नवरा-बायकोले माहीत नाही, अन् दोघायले पक्कं माहीत हाये का पेटीवर आलं ते, ते नाही.

मंग हंसाबाईचा निरोप आला. दर शनिवारी संध्याकाळी त्या क्लबात वाजवतेत, ज्याले यायचं त्यानं यावं, कार्यक्रम नाही, हार नाही, भाषण नाही. रुखमा चालली. पहिल्या शनिवारी मीबी गेलो, सामनेच बसलो, टाळी नाही, ताल नाही, तोंडात तंबाखूबी नाही. शहाण्यासारखा बसलो. बाहेर आल्यावर रुखमा म्हणे, "एक बोलू काय? तुम्ही श्वास लय मोठ्यानं घेता. मधल्या हळू जाग्यावर मले तुमचा श्वासच आयकू येते."

आता श्वास घेणं तं सोडता येत नाही माणसाले. म्हून मी बाहेर पायरीवर बसतो. तिथूनबी आयकू येते, चांगलं आयकू येते. मंग गुलाम नबी येऊन बसाले लागला, त्याची बायको अमिनाबी आत अन् तो बाहेर, कारण का तो मधातच क्या बात है म्हणते. मंग चहावाला येऊन बसला. एका शनिवारी पाह्यतो तं पंजाबराव, गाडी दूर उभी करून, कोणी पाह्यत तं नाही ना असं पाहून, बसले माह्या खालच्या पायरीवर. इचारलं तं म्हणतेत, चांगलं हाये. काय हाये, हे कोणीच सांगत नाही.

अन् या शनिवारी एक गाडीवाला फाटकापाशी थांबला. कापूस घेऊन जिनिंगात चाललता, बैल उभे केले अन् तिथूनच मले इचारते, "भाऊ, आत काय चालू हाये?"

म्हटलं, "मले काय माहीत बाप्पा. या." अन् पंजाबरावाले म्हटलं, "भाऊ, जरा सरकून बसा."